थंडीत धावताय? आधी थांबण्याची तयारी करा

२२ मे २०२१. चीनच्या गान्सू प्रांतात बाईयिन शहराजवळच्या डोंगराळ भागात १०० किलोमीटरची शर्यत सकाळी नऊच्या सुमारास सुरू झाली. १७२ धावपटू होते. मे महिना असल्याने बहुतेकांच्या अंगावर अर्धी चड्डी आणि पातळ टी-शर्ट एवढेच कपडे होते. वारा अडवणारे जाकीट जवळ ठेवण्याची सक्ती नव्हती. दुपारी डोंगराच्या अवघड चढावर हवामान अचानक पालटले. गारा, बर्फासारखा गार पाऊस आणि माणसाला उभे राहू न देणारा वारा सुरू झाला. त्या दिवशी २१ धावपटूंचा मृत्यू झाला. त्यांत चीनमधले नावाजलेले लांब पल्ल्याचे धावपटूही होते. त्यांचे शरीर गार पडले होते.

त्याच डोंगरात झू केमिंग नावाचा मेंढपाळ मेंढ्या चारत होता. हवा बिघडताच तो एका गुहेत शिरला. अशा वेळेसाठी त्याने तिथे कपडे आणि खाण्याचे सामान ठेवलेले होते. बाहेर एक धावपटू एकाच जागी थिजल्यासारखा उभा असलेला त्याला दिसला. झूने त्याला आत आणले, हातपाय चोळून ऊब दिली, शेकोटी पेटवली, कपडे वाळवले. असे करता करता सहा जणांचे प्राण त्याने वाचवले. त्याच्याकडे औषध नव्हते. वाऱ्यापासून आडोसा, कोरडे कपडे आणि ऊब एवढेच होते.

ही शर्यत हिवाळ्यातली नव्हती. पण थंडी माणसाला कशी गाठते हे तिच्याइतके स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल. महाराष्ट्रातली असंख्य मुले-मुली आज अमेरिका, कॅनडा, जर्मनी अशा देशांत राहतात. पुण्या-मुंबईत लागलेली पहाटे धावण्याची सवय तिथेही सुटत नाही. हिवाळ्यात त्यांच्याकडे गेलेले आई-वडीलही 'फेरफटका मारल्याशिवाय चैन पडत नाही' म्हणत बर्फातून चालायला निघतात. शिवाय लडाखला हिवाळ्यात जाणारे तरुण वाढले आहेत. २० फेब्रुवारी २०२३ रोजी पँगाँग सरोवराच्या गोठलेल्या पृष्ठभागावर, सुमारे ४,२०० मीटर उंचीवर, २१ किलोमीटरची शर्यत झाली आणि तिची नोंद गिनेस बुकात झाली. थंडीत धावणे हा वेडेपणा नाही. तयारी असेल तर ते बहुतेकांना जमते. मात्र ही तयारी बहुतेक जण धावण्यापुरतीच करतात, आणि धोका असतो तो थांबल्यावर.

शरीराची चूल

आपल्या शरीराच्या गाभ्याचे, म्हणजे मेंदू, हृदय, यकृत या अवयवांचे तापमान ३७ अंश सेल्सियसच्या आसपास राहावे लागते. धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा पाव भाग किंवा त्याहून कमीच पुढे जाण्याच्या कामी येतो. उरलेली सगळी ऊर्जा उष्णता बनते. दमदार धावणाऱ्याच्या शरीरात स्वस्थ बसलेल्या माणसाच्या आठ-दहा पट उष्णता तयार होऊ शकते. म्हणूनच उणे पाच अंशांत पातळ कपड्यांत धावणारा माणूस घामाघूम होतो आणि त्याला थंडी जाणवत नाही.

मात्र ही चूल सरपण असेपर्यंतच पेटते. पाय मुरगळला, दम संपला, रस्ता चुकला, पोटात अन्न उरले नाही किंवा नुसते चालायची वेळ आली की उष्णतेची निर्मिती काही मिनिटांत घसरते. घामाने भिजलेले कपडे तसेच अंगावर असतात. वारा तसाच वाहत असतो. आता शरीराकडे एकच उपाय राहतो, तो म्हणजे कुडकुडणे. कुडकुडण्याने स्वस्थ बसण्याच्या तुलनेत पाचपटीपर्यंत उष्णता तयार होऊ शकते. पण त्यालाही इंधन लागते, आणि थकलेल्या शरीरात तेच संपत आलेले असते.

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे कोरड्या अंगाने उणे दहा अंशांत उभ्या असलेल्या माणसापेक्षा पाच अंशांच्या पावसात चिंब भिजून वाऱ्यात उभा असलेला माणूस लवकर गारठू शकतो. गान्सूमध्ये हेच झाले. पारा किती खाली गेला यापेक्षा ओल, वारा आणि मंदावलेले पाय या तिन्हींची गाठ पडली, हे तिथे घातक ठरले.

वारा किती, तेही पाहा

थंड देशांत हवामानाच्या बातम्यांत तापमानाबरोबर 'विंडचिल' हा आकडा देतात. वाऱ्यामुळे उघड्या त्वचेला प्रत्यक्षात किती थंडी सोसावी लागेल, याचा तो अंदाज असतो. या कल्पनेचा उगम अंटार्क्टिकात आहे. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या अमेरिकी संशोधकांनी तिथे प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वेगवेगळ्या वाऱ्यात किती वेळात गोठते, हे मोजले. त्यांचा निबंध १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने सुधारित सूत्र स्वीकारले. त्यासाठी स्वयंसेवकांना थंड वाऱ्याच्या बोगद्यात ट्रेडमिलवर चालवून त्यांच्या चेहऱ्याची त्वचा किती गार होते, ते मोजले गेले.

या सूत्रानुसार तापमान उणे १० असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर चेहऱ्याला उणे २० इतकी थंडी लागते. धावणाऱ्याने आणखी एक हिशेब करावा. ताशी १० किलोमीटर वेगाने धावणारा माणूस ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यासमोर निघाला, की त्याच्या तोंडावर ३० चा वारा येतो. स्वतःच्या वेगाचा वाराही त्यात मिळवायला हवा.

कॅनडातल्या मार्गदर्शनानुसार विंडचिल उणे २८ च्या खाली गेला, की उघडी त्वचा अर्ध्या तासाच्या आत गोठू शकते. उणे ४० च्या खाली हा वेळ दहा मिनिटांपर्यंत येतो. क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तर मार्गावरच्या सर्वांत गार ठिकाणी हवेचे तापमान उणे २० च्या खाली असेल, तर स्पर्धा पुढे ढकलतात किंवा रद्द करतात. वर्षानुवर्षे बर्फात सराव केलेल्यांसाठी जर ही मर्यादा असेल, तर नवख्याने तिच्या बऱ्याच अलीकडे थांबायला हवे. उणे १५ पर्यंत, वारा फारसा नसताना, नीट कपडे घालून निरोगी माणसाला थोडा वेळ धावता येते. त्याखाली त्या दिवशी घरातल्या किंवा जिममधल्या ट्रेडमिलवर धावणे शहाणपणाचे. कमीपणाचे त्यात काही नाही.

मार्ग ठरवतानाही वाऱ्याचा विचार करावा. निघताना वारा समोरून आणि परतताना पाठीमागून, असा रस्ता निवडावा. सुरुवातीला अंग कोरडे असते, त्यामुळे समोरचा वारा सोसतो. उलट केले, तर पाठीवरच्या वाऱ्यात भरपूर घाम येतो आणि ओल्या अंगाने, थकलेल्या पायांनी समोरच्या वाऱ्याशी झुंजत घरी यावे लागते. कडक थंडीत घरापासून दहा किलोमीटर लांब जाण्यापेक्षा घाण्याच्या बैलासारख्या घराभोवतीच दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या माराव्यात. कंटाळा येतो, पण काही बिघडलेच तर दार जवळ असते.

कांद्याच्या पापुद्र्यांसारखे कपडे

आपल्याकडे थंडी म्हटली की जाड स्वेटर आठवतो. धावताना एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ थर अधिक चांगले. त्वचेलगतचा थर घाम शोषून धरणारा नको, तर बाहेर सोडणारा हवा. पॉलिस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा असेल तर चालतो. त्यावर ऊब धरणारा मऊ थर, आणि सगळ्यांत वर वारा अडवणारे, गळ्यापाशी चेन उघडून वाफ बाहेर सोडता येईल असे पातळ जाकीट. थंडी फार नसेल, तर मधला थर गाळता येतो.

आपल्या उन्हाळ्यात सुती बनियनसारखे सुख नाही. बर्फात मात्र तेच बनियन वैरी होते. सूत घाम पिते, धरून ठेवते आणि लवकर वाळत नाही. मोजेही सुती नकोत.

कपडे किती घालावेत, याचा सोपा अंदाज असा : घराबाहेर पडल्यावर पहिली पाच-सात मिनिटे थोडे गार वाटले पाहिजे. दारातच ऊबदार वाटत असेल, तर पुढे घाम निथळणार हे नक्की. बाहेर आहे त्यापेक्षा पाच ते दहा अंशांनी हवा गरम आहे, असे समजून कपडे निवडावेत. अंग सैल करण्याचे व्यायाम घरातच करून निघावे.

शरीर गाभा वाचवण्यासाठी हातापायांचा रक्तपुरवठा आखडते घेते. म्हणून बोटे, कान, नाक आणि गाल सर्वांत आधी गोठतात. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चार बोटे एकत्र राहणारे मोजे अधिक ऊब देतात, कारण बोटे एकमेकांना गरम ठेवतात. कान झाकणारी टोपी आणि तोंडावर ओढता येणारा गळपट्टा हवाच. बूट इतके घट्ट नकोत की बोटे हलणार नाहीत. अंगठ्या घरी काढून ठेवाव्यात. पुरुषांनी आणखी एक खबरदारी घ्यावी, ज्याविषयी संकोचाने कोणी बोलत नाही. १९७७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका ५३ वर्षांच्या डॉक्टरची हकिगत छापून आली होती. उणे आठ अंशांत, बोचऱ्या वाऱ्यात अर्धा तास धावल्यावर त्यांच्या जननेंद्रियाला हिमदंशाची सुरुवात झाली होती. अंगात सुती अंतर्वस्त्र आणि वर पातळ पँट होती. ऊब दिल्यावर ते बरे झाले. समोरून वारा अडवणारे अस्तर असलेली पँट हा त्यावरचा साधा उपाय आहे.

सगळा बर्फ सारखा नसतो

रोजच्या मराठीत आकाशातून पडणारा तो बर्फ, रस्त्यावर गोठलेला तो बर्फ आणि सरबतात टाकतो तोही बर्फच. आपल्याला एका शब्दात भागते, कारण फरक करण्याची वेळच येत नाही. बर्फात धावणाऱ्याला मात्र हा फरक पायाने ओळखावा लागतो. ताज्या, भुसभुशीत बर्फावर पाय रुततो, पण पकड बरी मिळते. तुडवून दाबला गेलेला बर्फ निसरडा होतो. दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेला बर्फ काचेसारखा असतो. सर्वांत फसवा असतो तो डांबरी रस्त्यावरचा पारदर्शक पातळ थर. खालचे काळे डांबर त्यातून दिसते, त्यामुळे तो नुसता ओला रस्ता वाटतो. पूल, सावलीच्या जागा आणि पहाटेची वेळ इथे तो हमखास भेटतो. शून्याच्या आसपासचे तापमान धावणाऱ्याला सोपे वाटते, पण बर्फावर पाण्याचा पातळ थर धरल्याने घसरून पडण्याची भीती तेव्हाच मोठी असते.

अशा रस्त्यावर पावले आखूड टाकावीत, पाय शरीराच्या पुढे लांब न टाकता खालीच पडेल असे धावावे, वळणावर वेग कमी करावा. बुटांवर चढवायचे रबरी पट्टे मिळतात, ज्यांना धातूचे बारीक खिळे किंवा साखळी असते. बर्फाळ देशांत ती चैन नव्हे, गरज आहे. वेळेचा विक्रम करण्याचा हा ऋतू नाही. मनगटाचे किंवा खुब्याचे हाड मोडले, तर पुढचे दोन ऋतू वाया जातात. त्याहून वाईट म्हणजे खाली पडून हलता न येणारा धावपटू ओल्या कपड्यांत गारठत राहतो.

हिवाळ्यात दिवस लहान असतो. पहाटे आणि संध्याकाळी अंधार असतो आणि बर्फावरून वाहनांना पटकन थांबता येत नाही. चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट घालावे, डोक्याला दिवा लावावा आणि समोरून येणारे वाहन दिसेल अशा बाजूने धावावे. कानात गाणी नकोत. मोबाइलची बॅटरी थंडीत लवकर मान टाकते, म्हणून तो आतल्या खिशात अंगालगत ठेवावा. कोणत्या रस्त्याने जातो आणि किती वाजता परतणार, हे घरात सांगून निघावे. बर्फावर ऊन असेल तर गॉगल आणि सनस्क्रीनही लागते. ताजा बर्फ अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो आणि डोळ्यांना त्याची इजा काही तासांनंतर कळते.

श्वास, हृदय आणि साखर

थंड हवेने फुप्फुसे गोठतात, हा समज चुकीचा आहे. नाक आणि घसा हवा गरम आणि दमट करूनच आत सोडतात. पण धावताना तोंडाने भराभर श्वास घेतला की कोरडी हवा श्वासनलिका सुकवते. दमा असणाऱ्यांच्या, आणि कधी कधी नसणाऱ्यांच्याही, नलिका त्यामुळे आवळतात. धावताना किंवा धावून झाल्यावर खोकला, छातीत घरघर, दम कोंडणे असे होत असेल, तर 'थंडीच आहे' म्हणून सोडून देऊ नये. दम्याच्या रुग्णांनी आपल्या डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वी पंप घ्यावा आणि तो बरोबरही ठेवावा. तोंडावर गळपट्टा ओढल्याने बाहेर पडणाऱ्या वाफेची ऊब पुढच्या श्वासाला मिळते.

हृदयाचा विषय अधिक गंभीर आहे. थंडीत त्वचेच्या रक्तवाहिन्या आखडतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. त्यात अचानक भारी कष्ट केले, तर आधीच अरुंद झालेल्या धमन्यांना ते झेपत नाही. थंड देशांत अंगणातला बर्फ फावड्याने उपसताना हृदयविकाराचा झटका येतो, तो असाच. ज्यांना रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आहे, ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे किंवा ज्यांनी पन्नाशी ओलांडल्यावर नव्याने धावायला घेतले आहे, त्यांनी तपासणी करूनच थंडीत उतरावे. छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात आवळल्यासारखे वाटले, तर ते 'गारठ्याने' असेल असे मानू नये. तिथेच थांबून मदत मागवावी.

मधुमेह बरीच वर्षे असेल, तर पायांची संवेदना कमी झालेली असते. बोटे बधिर होत आहेत, हेच अशा माणसाला कळत नाही. धावून आल्यावर त्याने मोजे काढून दोन्ही पाय डोळ्यांनी पाहावेत. गोठलेले इन्सुलिन निकामी होते आणि साखर मोजण्याचे यंत्र थंडीत चुकीचा आकडा दाखवू शकते, हेही लक्षात ठेवावे. तंबाखू आणि सिगारेटने बोटांच्या रक्तवाहिन्या आणखी आखडतात. दारूने तर फसगतच होते. ती त्वचेकडचे रक्त वाढवते, म्हणून ऊब आल्यासारखे वाटते, पण गाभ्यातली उष्णता त्याच वाटेने बाहेर जाते.

थंडीत तहान कमी लागते, तरी शरीर पाणी गमावतच असते. घामातून तर जातेच, प्रत्येक श्वासाबरोबर वाफ बाहेर पडते आणि थंडीने लघवीही जास्त होते. त्यामुळे तास-दीड तासाच्या धावण्यात उन्हाळ्याप्रमाणेच पाण्याची आणि थोड्या गोड खाण्याची सोय हवी. शेंगदाण्याची चिक्की किंवा खजूर खिशात असले, तरी कुडकुडण्याला सरपण मिळते.

बोटे पांढरी पडली तर

हिमदंश म्हणजे त्वचा आणि तिच्याखालचा भाग प्रत्यक्ष गोठणे. आधी टोचल्यासारखे दुखते, मग बधिरपणा येतो. दुखणे थांबले म्हणून बरे वाटते, पण हीच धोक्याची खूण आहे. त्वचा पांढरट, राखाडी किंवा मेणासारखी दिसते आणि हाताला कडक लागते. सावळ्या त्वचेवर रंगातला बदल उशिरा कळतो, म्हणून बधिरपणावर जास्त भरवसा ठेवावा. दोघे मिळून धावत असतील, तर त्यांनी मधूनमधून एकमेकांचे नाक आणि गाल पाहावेत.

गोठलेला भाग चोळायचा नाही, बर्फाने तर नाहीच. बर्फाने चोळण्याचा सल्ला नेपोलियनच्या सैन्याचा शल्यविशारद लॅरे याच्यापासून रूढ झाला. १८१२ च्या रशियातल्या माघारीत त्याने सैनिक आपले गोठलेले हातपाय शेकोटीवर धरताना आणि ते भाजून निकामी होताना पाहिले. झटपट ऊब घातक ठरते, असा निष्कर्ष त्याने काढला. शेकोटीबाबत तो बरोबर होता, पण बर्फाच्या चोळणीबाबत चुकला. तरीही हा सल्ला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकला. आजची पद्धत अशी : घरात यावे, ओले मोजे आणि घट्ट वस्तू काढाव्यात आणि तो भाग ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावा. बधिर भागाला चटका कळत नाही, म्हणून पाण्याचा अंदाज दुसऱ्या निरोगी माणसाच्या कोपराने घ्यावा. हीटर, शेगडी, गरम पाण्याची पिशवी टाळावी. ऊब येताना खूप दुखते, ते अपेक्षितच असते. मात्र वाटेत तो भाग पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, तर ऊब देऊ नये. एकदा वितळून पुन्हा गोठलेल्या भागाचे नुकसान कितीतरी अधिक होते.

फोड आले, त्वचा काळी-निळी पडली किंवा बधिरपणा गेला नाही, तर लगेच रुग्णालय गाठावे. गंभीर हिमदंशात रक्तवाहिन्या मोकळ्या करणारी औषधे पहिल्या काही तासांत दिली, तर बोटे वाचू शकतात. त्यांपैकी आयलोप्रोस्ट या औषधाला अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये यासाठी मान्यता मिळाली. 'सकाळी बघू' म्हटले, तर ही संधी निघून जाते.

गारठलेला माणूस ओळखा

गाभ्याचे तापमान ३५ अंशांखाली गेले, की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. घरातला साधा तापमापक ते दाखवत नाही, म्हणून लक्षणांवरून ओळखावे लागते. सुरुवातीला माणूस जोराने कुडकुडतो. मग तो चिडचिडा होतो, शब्द अडखळतात, पाय लटपटतात, हातातून वस्तू निसटतात, चेनही लावता येत नाही. दारू न पिता प्यायल्यासारखा वागणारा धावपटू दिसला, तर तो गारठला आहे असेच समजावे. 'मला काही झालेले नाही' असे तो म्हणेल, पण त्याचा निर्णय त्याच्यावर सोपवू नये. गारठलेला मेंदू स्वतःचा धोका ओळखू शकत नाही. तापमान आणखी घसरले की कुडकुडणे थांबते. काही जणांना तर शेवटी उकडू लागते आणि ते अंगावरचे कपडे काढतात. कुडकुडणे थांबले आणि ऊब मात्र मिळालेली नाही, याचा अर्थ सुधारणा असा नव्हे, तर प्रकृती ढासळते आहे असा होतो.

अशा वेळी आधी वाऱ्यापासून आडोसा द्यावा. ओले कपडे काढून कोरडे घालावेत, पांघरुणे गुंडाळावीत आणि जमिनीचा गारवा लागू नये म्हणून खालीही जाड थर घालावा. टोपी घालावी. शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल, तर गरम गोड पेय द्यावे. गरम पाण्याच्या पिशव्या कापडात गुंडाळून छाती आणि काखेपाशी ठेवाव्यात. हातपाय जोराने चोळू नयेत. झू केमिंगने चोळले, कारण त्याला जे माहीत होते ते त्याने केले, आणि त्याच्या गुहेतली ऊब अधिक मोलाची ठरली. गुंगीत असलेल्या किंवा कुडकुडणे थांबलेल्या माणसाला आडवेच ठेवावे, अलगद हलवावे आणि तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी. अति गारठलेले हृदय धक्क्याने बेताल होऊ शकते.

श्वास आणि नाडी लागत नसली, तरी आशा सोडू नये. थंडीत नाडी इतकी मंद होते, की ती शोधायला पूर्ण मिनिटही लागू शकते. नसेलच, तर छाती दाबण्याचा प्रथमोपचार सुरू करून मदत येईपर्यंत चालू ठेवावा. १९९९ मध्ये नॉर्वेत बर्फाखालच्या प्रवाहात अडकलेल्या एका तरुण स्वीडिश डॉक्टरच्या शरीराचे तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरले होते. ती वाचली आणि पुढे पुन्हा रुग्णालयात काम करू लागली. ऊब दिल्यानंतरही जीव नसेल, तरच मृत्यू झाला असे म्हणायचे, हा डॉक्टरांचा नियम अशाच अनुभवांतून आला आहे.

शेवटची दहा मिनिटे

धावून आल्यावर फाटकाशी उभे राहून गप्पा मारणे, घड्याळातले आकडे पाहणे, फोटो काढणे, हा सगळ्यांचाच आवडता वेळ. थंडीत तोच सर्वांत नाजूक असतो. शर्यत असेल, तर शेवटच्या रेषेजवळ कोरड्या कपड्यांची पिशवी ठेवलेली हवी. घरी आल्यावर आधी ओले कपडे बदलावेत, मग पाणी, मग गप्पा. लांब धावताना पाठीवरच्या छोट्या पिशवीत एक पातळ जाकीट, कोरडे हातमोजे आणि चमकदार आपत्कालीन पांघरूण असावे. ते सगळे मिळून अर्धा किलोही भरत नाही. घरी परत आणायचे म्हणूनच ते न्यायचे असते, पण ज्या दिवशी पाय मुरगळेल त्या दिवशी मदत येईपर्यंतचा वेळ त्यावर निभावतो.

आपल्याकडे बर्फ नाही म्हणून हा विषय परका समजू नये. जुलै-ऑगस्टमध्ये सह्याद्रीच्या माथ्यावर तासन् तास पावसात भिजत धावणारा किंवा चढणारा थकलेला माणूस वाऱ्यात थांबला, की त्याच्या शरीरात तीच प्रक्रिया सुरू होते. पारा १५ अंशांवर असला तरी ती होऊ शकते. ओल, वारा आणि थांबलेले पाय एकत्र आले, की बर्फाची गरज उरत नाही.

गान्सूच्या त्या डोंगरात धावपटूंचा दम आणि सराव मेंढपाळापेक्षा नक्कीच सरस होता. पण वाईट हवेत थांबायची वेळ येईल, हे धरून झू केमिंगने गुहेत कपडे आणि अन्न आधीच ठेवून दिले होते. थंडीत धावायला निघणाऱ्या प्रत्येकाने दार ओढून घेण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःला विचारावा : इथून दोन किलोमीटरवर मला अर्धा तास थांबावे लागले, तर माझ्याजवळ काय आहे?